कृष्णेत शिकलेलं पोहणं लेकीला कुठं शिकवू?

घाटावरचा | रविवार, रात्री ९.४०

लेक दहा वर्षांची आहे. मागच्या उन्हाळ्यात तिला तलावावर घातली, यंदा दुसरा मोसम. फ्रीस्टाइलनं पंचवीस मीटर न थांबता जाते, उताणी त्याहून बरी पोहते. मी काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत तिचा टॉवेल मांडीवर घेऊन बसतो. पोर पोहतेय याचा आनंद आहेच. पण तळाच्या काळ्या पट्टीवरून तिची टोपी सरळ जाते, सरळ येते, ते बघताना आपलं काहीतरी द्यायचं राहून गेलंय असं वाटत राहतं.

माझं पोहणं सांगलीच्या विष्णू घाटावरचं. साल १९९१, मी आठ वर्षांचा. शिकवणारे थोरले काका, हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यांनी गोड्या तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा आणला, तोंडाला लाकडी बूच ठोकलं आणि सुंभानं माझ्या पाठीला बांधला. ओला सुंभ पोटाला असा काचायचा की शाळा सुरू झाली तरी वळ होते. मी रोज डबा बांधून पाय मारायचो, आणि काका रोज सकाळी मला न सांगता बूच काढून डब्यात तांब्याभर पाणी घालायचे. तीन आठवड्यांनी डबा जवळजवळ काठोकाठ भरला होता आणि मी पोहत होतो. हे त्यांनी मला माझ्या लग्नात सांगितलं.

पुढची सगळी उन्हाळी सुट्टी पाण्यात. मुटका, सूर, बुडी मारून तळाची वाळू मुठीत आणून दाखवणं. पलीकडं सांगलीवाडीच्या काठाला जायचं तर काका आधी घाटापासून पन्नास पावलं वरच्या अंगाला चालायला लावायचे. म्हणायचे, "नदी तुला खाली नेणारच. तू आधीच वर जाऊन ये." तिथून तिरकं कापत गेलं की बरोबर समोरच्या उतारावर लागायचो. पलीकडं मळीतल्या काकड्या. कुणाच्या होत्या ते आता आठवत नाही, तेव्हाही विचारलं नव्हतं.

आता अडचणी. एक, नदी ती राहिलेली नाही. मगरी आहेत, पाणी कधी हिरवं तर कधी फेसाळ, मधूनच मेलेले मासे वर येतात. पूर्वी मळी म्हटलं की काकड्या आठवायच्या, आता दुसरी मळी आठवते, साखर कारखान्यांची. दोन, तलावावरचे सर म्हणतात बाहेर कुठं नेऊ नका, स्ट्रोक बिघडेल.

तीन, आणि खरी अडचण हीच. आमचं घर गावभागात. २०१९ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. लेक तेव्हा चार वर्षांची होती, तिला मेहुण्यानं मांडीवर घेऊन रबरी बोटीतून बाहेर नेलं. २०२१ला पुन्हा सगळं सामान वर. खालच्या खोलीत भिंतीवर पुराची रेघ आहे, दोनदा रंग दिला तरी तिथं ओल धरते. लेकीची कृष्णा म्हणजे ती रेघ. घाटावर नेली की सगळ्यात वरच्या पायरीवर थांबते आणि विचारते, "बाबा, आत्ता किती फुटांवर आहे?" माझ्या काकांनी मला नदीचे फूट कधी सांगितले नव्हते.

तर, मोकळ्या पाण्यात पोहणं तिला दाखवावं की नाही? दाखवायचं तर कुठं? आपापल्या पोरांना कुणी दाखवलंय का?

लगा_सांगलीकर | रविवार, रात्री १०.१५

मर्दा, रडवलंस की. आमच्या आण्णानं डबा-बिबा काय न्हाय, सरकारी घाटावर मागनं ढकललं. लिटरभर कृष्णामाई पोटात गेली आन् आलो हात मारत. पोरीला असं करू नगंस पर. जी पोरं त्या ढकलण्यानं भ्याली ती जन्मभर काठाला बसून आमची कापडं सांभाळत राह्यली, त्यातला एक माझा सख्खा भाऊ हाय.

एक इचारतो. आयर्विनवरनं उडी मारल्यालास का कधी?

निवळी | रविवार, रात्री ११.०२

मगरींबद्दल तेवढं सांगते, वनखात्याबरोबर स्वयंसेवक म्हणून काही वर्षं फिरले आहे.

आपल्याकडं भिलवडी, आमणापूर, औदुंबर, ब्रह्मनाळपासून सांगली-हरिपूरपर्यंत मगरी आहेत. लोकांना त्या थंडीत दिसतात, कारण तेव्हा ऊन खायला काठावर येऊन पडतात. उन्हाळ्यात दिसत नाहीत म्हणून लोक समजतात, गेल्या. गेलेल्या नसतात, पाण्यात असतात. मादी उन्हाळ्याच्या तोंडाला काठावर खड्डा करून अंडी घालते, साधारण दोन महिन्यांनी, मे-जूनच्या सुमारास पिल्लं बाहेर येतात, आणि तोवर ती घरट्याच्या आसपासच असते. म्हणजे शाळेची सुट्टी आणि मगरीची राखण एकाच वेळी. तुमच्या लहानपणच्या आठवणी नेमक्या मे महिन्यातल्या आहेत, म्हणून मुद्दाम सांगतेय.

दुसरं, मगरीला खोल पाणी लागतं हा समज चुकीचा. धोका जास्त काठावर, गुडघाभर पाण्यात, जिथं माणूस वाकून कपडे धुतो किंवा जनावर पाणी पितं. आणि चार जण पोहताहेत म्हणून तिथं मगर नाही, असंही नसतं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तिला सगळ्यात वरचं संरक्षण आहे, तेव्हा "पकडून न्या" ही मागणीही वाटते तितकी सोपी नाही. काठ खणून वाळू नेली, तिच्या बसायच्या जागा आपणच हलवल्या, हा वेगळ्या धाग्याचा विषय.

घाटावर बसा, बघा, गप्पा मारा. पाण्यात लेकीला नको.

पेठेतला_शहाणा | सोमवार, सकाळी ८.२०

दहा वर्षांच्या मुलीला मगरींच्या नदीत घालायचा विचार तरी कसा येतो? जुन्या आठवणींना काही मर्यादा? तलाव आहे, प्रशिक्षक आहे, जीवरक्षक आहे. विषय संपला.

लगा_सांगलीकर | सोमवार, सकाळी ८.३१

शहाणं, धागा वाचा आधी. त्यो "कुठं" इचारतोय.

घाटावरचा | सोमवार, दुपारी १.१०

निवळीताई, आभार. मे महिन्याचं गणित माहीत नव्हतं. नदीत घालणार नाही, हे माझं मलाच लिहिता लिहिता कळत होतं. पण तलाव आहे म्हणून विषय संपत नाही. तलावात तिला सगळं दिसतं: तळ, भिंत, पट्टी, जीवरक्षक. पावसाळ्यात आमच्या दारात येणारं पाणी तसं नसतं.

लगा, आयर्विनचं नंतर सांगतो.

बेदाणा | सोमवार, रात्री ९.०५

आमची विहीर आहे, या. तासगावच्या पूर्वेला, द्राक्षबागेत. सात परस खोल, पायऱ्यांची, आज्जाच्या वेळची. म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्याचं आवर्तन येऊन गेलंय, सध्या चार परस पाणी आहे. माझी दोन्ही पोरं ह्याच विहिरीत शिकली. धाकटीला तर आज्जाच्या हातचा पांगाऱ्याचा बिंडा बांधला होता, तो अजून माळ्यावर आहे. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की हलकं फूल होतं, थर्माकोल परवा आला.

पण विहिरीचंही शास्त्र आहे. लोक नदीला भितात आणि विहिरीत बिनधास्त उतरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट मोटर. पोहायच्या आधी नुसतं बटण बंद करून भागत नाही, मेन स्वीच पाडायचा आणि फ्यूज काढून खिशात ठेवायचा. वायर कुठं सोललेली असेल सांगता येत नाही, आणि शेतात लाईट कधी येईल हे देवालाही माहीत नसतं. कुणीतरी वरून "लाईट आली रे" म्हणत बटण दाबतो आणि घात होतो. आमच्याकडं नियम आहे, फ्यूज ज्याच्या खिशात तो पाण्यात उतरत नाही, काठावर बसतो.

दुसरी, कासरा. लिंबाला बांधायचा, कुणाच्या हातात नुसता द्यायचा नाही. हातातला माणूस ओढला जातो, झाड जात नाही. शिवाय एक रिकामा वीस लिटरचा कॅन दोरीला बांधून तयार. कुणी गटांगळ्या खाऊ लागला तर उडी मारून त्याच्याजवळ जायचं नाही, तो गळ्याला मिठी मारतो आणि दोघं जातात. कॅन टाकायचा. आणि बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, तोंडात पाणी असतं. गप झालेल्या पोराकडं आधी बघायचं.

तिसरी, उडीची जागा. जुना पाईप, फूटव्हॉल्व्ह, पडलेला दगड, काय काय खाली असतं. आधी मोठ्यानं बुडी मारून चाचपायचं. पायऱ्यांवर शेवाळ असेल तर अनवाणी, चप्पल घालून नको. आणि पडीक, झाकलेल्या विहिरीत तर डोकावूही नका, खाली हवा कोंदलेली असते, उतरलेला माणूस बेशुद्ध होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेततळ्यात नको. कुणीही कितीही आग्रह केला तरी नको. आमच्या भागात बागेगणिक शेततळं आहे, बघायला तलावापेक्षा स्वच्छ, पाणी गार. पण त्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, काठ उतरता, आणि कागदावर बुळबुळीत थर. पट्टीचा पोहणाराही काठाला येतो आणि वर चढू शकत नाही. हात लावायला काही नसतं. दमतो आणि जातो. मी आमच्या तळ्याला चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आणि जुने टायर सोडलेत, ते पोहायला नव्हे, चुकून पडला तर वर यायला. फरशीच्या कालव्याचीही तीच कथा, वर ओढही असते.

रविवारी या. जेवायलाच या.

कृष्णाकाठचा_वाईकर | मंगळवार, सकाळी १०.४०

आमच्या वाईला उन्हाळ्यात महागणपतीच्या घाटाला पाणी कमी असतं, लहान मुलं डुंबतात. पण वर धोम धरण आहे. पाणी सोडलं की बघता बघता वाढतं. आमची आजी म्हणायची, पायरी मोजून उतरायचं आणि दर थोड्या वेळानं पुन्हा मोजायची. तुमची लेक फूट विचारते ते योग्यच करते.

मिरजेची_माहेरवाशीण | मंगळवार, दुपारी ३.२५

दादा, धागा वाचला आणि जरा हसू आलं, जरा रागही आला. तुमच्या सगळ्यांच्या आठवणींत घाट आहे, उड्या आहेत, काकड्या आहेत. आम्ही पोरी त्याच घाटावर होतो, पण वरच्या पायऱ्यांवर, धुण्याच्या बादलीशी. माझी आई चाळीस वर्षं कृष्णेत धुणं धुतलेली बाई, पण नदीत कंबरेच्या पुढं कधी गेली नाही. भाऊ पलीकडं जाऊन यायचा आणि आम्ही त्याच्या चपला राखायचो. (लगा, तुमचा भाऊ निदान भिऊन बसला होता.)

मी पोहायला शिकले एकोणचाळिसाव्या वर्षी, बायकांच्या सकाळच्या बॅचमध्ये. कारण २०१९. माहेरी पाणी भरलं, आईला बोटीत बसवताना तिचा हात बोटीच्या दोराला असा घट्ट धरलेला की जवानानं एकेक बोट सोडवलं. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेल्याची बातमी आली त्या दिवशी आई काही बोलली नाही, रात्री फक्त म्हणाली, "नदीकाठाला जन्म गेला आणि मला पोहता येत नाही." मी पुढच्या महिन्यात नाव घातलं.

तुमच्या लेकीला नदीची भीती वाटते ती घालवायच्या नादी लागू नका. मला अजून वाटते. फक्त आता भीती वाटली की हातपाय गोठत नाहीत, एवढाच फरक.

आणि स्ट्रोक बिघडेल म्हणे. बिघडू दे.

शिट्टी | मंगळवार, रात्री ८.५०

स्ट्रोकबद्दल मी बोललं पाहिजे, पंचवीसेक वर्षं पोरांना पोहायला शिकवलंय.

तुमच्या सरांचं निम्मं खरं आहे. नदीत शिकलेला माणूस डोकं वर ठेवून पोहतो. डोकं वर गेलं की कंबर खाली जाते, कंबर खाली गेली की पाणी अडतं, आणि तो जितका दमतो तितका पुढं जात नाही. म्हणून आम्ही तोंड पाण्यात घालायला शिकवतो, श्वास कुशीला वळून. दहाव्या वर्षी एकदा डोकं वर काढायची सवय लागली की मोडायला वर्ष जातं. सर घाबरतात ते यामुळं.

पण तुमच्या काकांचंही निम्मं खरं आहे. नदीला पट्टी नसते. तोंड खाली घालून सरळ जातोय असं वाटतं आणि माणूस भलतीकडं निघतो, प्रत्येकाचा एक हात जोरकस असतो ना. त्यामुळं समुद्रात-नदीत पोहणारे ठरावीक हातांनंतर फक्त डोळे पाण्याच्या वर काढून खूण बघतात आणि परत तोंड खाली. मगरीसारखे, निवळीताई माफ करा. ऑलिम्पिकमध्ये २००८ पासून दहा किलोमीटरची मोकळ्या पाण्यातली शर्यत आहे, तिथं हेच करतात. आपल्या मालवणला चिवला किनाऱ्यावर समुद्रातल्या स्पर्धा होतात, तिथं लहान गटही असतात. कधीतरी लेकीला नुसती बघायला न्या.

तेव्हा विहिरीत गेलात तर तिला दोनच गोष्टी द्या. एक, खूण धरून पोहणं. दुसरी, उभ्यानं पाणी तुडवणं आणि उताणं पडून राहणं. हे दुसरं तलावावर कुणी शिकवत नाही, कारण त्याची शर्यत नसते. खरं तर जीव तेच वाचवतं. बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो असला खेळ मात्र नको. पोरं आधी भराभर श्वास घेतात आणि मग बुडी मारतात, त्यात पाण्याखालीच शुद्ध जाते.

आणि सांगलीकरांनो, तुम्ही कायम कुस्तीच्या गप्पा मारता. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण पोहण्यातलं आहे. १९७२, जर्मनीत हायडलबर्ग, ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद. मुरलीकांत पेटकर. आपल्या पेठ इस्लामपूरचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यानंतर पाण्यात उतरले. पद्मश्री मिळाली २०१८ला.

लगा_सांगलीकर | मंगळवार, रात्री ९.१४

सर, माझं पोहणं तुमी बघितलं तर शिट्टी गिळशिला. डोस्कं वर, तोंडात तंबाकू.

घाटावरचा | पुढचा सोमवार, रात्री १०.३०

जाऊन आलो. लिहायला एक दिवस लागला, खांदे दुखत होते.

आम्ही तिघं आणि काका. हो, काका आहेत, ७८ चालू आहे, गुडघे गेलेत. "विहिरीवर जातोय" म्हटल्यावर न विचारता चप्पल घालून गाडीत जाऊन बसले. बेदाणाभाऊंनी सगळं लिहिल्याप्रमाणं तयार ठेवलं होतं. फ्यूज खिशात, कासरा लिंबाला. कासरा झाडाला होता तरी काकांनी त्याचं मधलं वेटोळं हातात धरलं आणि थारोळ्यावर बसले ते शेवटपर्यंत उठले नाहीत.

लेक काठावरून वाकून बघत होती. पहिला प्रश्न ठरलेला.

"किती फूट आहे?"

बेदाणाभाऊ म्हणाले, "फूटबीट नाही बाळ, चार परस."

"परस म्हणजे?"

"एक उभा माणूस."

तिनं माझ्याकडं बघितलं, काकांकडं बघितलं, बोटं मोजली. "म्हणजे साधारण चोवीस फूट. इशारा पातळीला अजून सोळा फूट आहेत." आणि पायऱ्या उतरायला लागली.

आम्ही मोठे सगळे एकमेकांकडं बघत राहिलो. ४० फुटांची इशारा पातळी आयर्विनची, विहिरीची नव्हे, हे सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. बायकोनं डोळे वटारले म्हणून गप बसलो.

गॉगल लावून तिनं तलावावरच्या सवयीनं तोंड पाण्यात घातलं आणि चटकन वर आली. "बाबा, खाली काहीच नाहीये." काहीच नाही म्हणजे हिरवं. तळ नाही, पट्टी नाही. पायरीचा दगड धरून बसली ती बसलीच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी समजावतोय, बायको समजावतेय. काका वरून म्हणाले, "तिला सोड. तू उडी मार."

बेचाळिसावं वर्ष, पोट सुटलेलं. मी मुटका मारला. आवाज असा झाला की कपारीतली सगळी पारवी उडाली आणि बेदाणाभाऊंचं कुत्रं भुंकायला लागलं. वर आलो तेव्हा नाकात पाणी गेलेलं, एका कानाला ऐकू येत नव्हतं आणि लेक हसत होती. वरचं हातभर पाणी कोमट आणि पाय खाली गेले की बर्फ. हे मी विसरून गेलो होतो. नदीतही तसंच असायचं.

मग ती आली. आधी बिंडा बांधून. तो बिंडा बघण्यासारखा आहे, घासून घासून गुळगुळीत झालेला. फ्रीस्टाइल मारायला लागली आणि शिट्टीसरांनी लिहिलं तसं अर्धा गोल फिरून भिंतीला जाऊन टेकली. पुन्हा मारली, पुन्हा डावीकडं. चिडली. काका थारोळ्यावरून ओरडले, "लिंबाची ती मोडकी फांदी बघ. अधूनमधून तिच्याकडं बघ." चौथ्या खेपेला ती सरळ पलीकडच्या पायरीला लागली. विहीर काही मोठी नाही, दहा-बारा हात. पण ती पलीकडच्या पायरीवर चढून बसली तेव्हा तिचा चेहरा मी १९९१ साली सांगलीवाडीच्या काठावर कसा असेन तसा असावा. मला माझा चेहरा कुठं दिसला होता म्हणा.

शेवटी बिंडा सोडून उताणं पडायला सांगितलं. कान पाण्यात, हात पसरलेले. मी मानेखाली दोन बोटं धरली होती, ती कधी काढली ते तिला कळलं नाही. बराच वेळ पडून होती. मग म्हणाली, "बाबा, आभाळ गोल आहे."

बायकोनं वरून विचारलं, "काय म्हणतेय?" मला परत सांगता येईना.

येताना संध्याकाळी घाटावर थांबलो. काकांना भेळ-भडंग खायचं होतं. लेकीनं त्यांना विचारलं, आबा, ते पन्नास पावलं वर म्हणजे कुठून चालायचे? काकांचे गुडघे असे, तरी उठले. मगरींचा फलक लावलाय त्याच्याही पुढं, काठाच्या वरच्या रस्त्यानं, पाण्यापासून लांबून आम्ही मोजत गेलो. काकांची पावलं आता लहान झालीत, त्यांची एकसष्ट झाली. लेकीची बहात्तर. माझी अठ्ठेचाळीस. कुणाचीच बरोबर पन्नास झाली नाहीत आणि जागा नेमकी कोणती यावर काका आणि मी अजून भांडतोय. ते म्हणतात पिंपळाच्या अलीकडं, मी म्हणतो पलीकडं. पिंपळ तोच आहे का, हाही प्रश्न आहे.

पाण्यात कुणी उतरलं नाही.

शिट्टी | सोमवार, रात्री १०.५५

लिंबाची फांदी! काकांना माझा नमस्कार सांगा. हेच शिकवायला मी वर्षं घालवली.

मिरजेची_माहेरवाशीण | सोमवार, रात्री ११.२०

विहिरीवर बायको काठावरच बसली होती असं दिसतंय. पुढच्या वेळी तिला बिंडा बांधा.

घाटावरचा | मंगळवार, सकाळी ७.४५

ताई, बायकोनं हे वाचलं आणि म्हणाली, "बघ." सकाळची बॅच कुठं असते ते व्यक्तिगत निरोपातून कळवा.

पेठेतला_शहाणा | मंगळवार, सकाळी ९.३०

आधीचा प्रतिसाद घाईत दिला होता. एक प्रश्न. पुण्याजवळ अशी पायऱ्यांची विहीर कुणाच्या माहितीत आहे का? मुलगा बारा वर्षांचा आहे.

लगा_सांगलीकर | मंगळवार, सकाळी ९.३३

आता आलं बघा शहाणं लायनीवर. आन् घाटावरच्या, आयर्विनचं काय झालं?

घाटावरचा | मंगळवार, दुपारी २.००

ऐक. १९९८चा पावसाळा, मी पंधरा वर्षांचा. पूर आलेला, पुलावर जत्रा. मोठी पोरं धडाधड उड्या टाकत होती आणि खाली बरंच पुढं जाऊन बाहेर निघत होती. मी कठड्यावर चढलो, खाली बघितलं. तांबडं पाणी, त्यात एक अख्खं झाड मुळासकट चाललेलं. उतरलो. घरी येऊन सांगितलं की मारली. आजवर सगळ्यांना तेच माहीत आहे, काकांनाही. लेक हा धागा वाचत नाही म्हणून लिहितोय.

लगा_सांगलीकर | मंगळवार, दुपारी २.०६

मीबी उतरल्यालो. कुणाला सांगू नगंस.

बेदाणा | मंगळवार, रात्री ८.४०

येत्या रविवारी येऊ नका, खरड छाटणी झालीय आणि बागेला पाणी द्यायचंय, मोटर दिवसभर चालू. बुधवारी चालेल. आणि लेकीचा गॉगल थारोळ्यावर राहिला होता, आमच्या कुत्र्यानं पट्टा चावून टाकलाय. नवीन घेऊन या, पैसे माझ्याकडून.